अकरा मजल्यांची थाप

ही गोष्ट कोणाच्या गळी उतरणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. छत्तीस वर्षं नोकरीत रोज लोणकढी थापा मारून एकदाही पकडला न गेलेला माणूस या जगात आहे, आणि तोच माणूस एका दुपारी, कोणी विचारलं नसताना, कोणी मान धरली नसताना, आपण होऊन खरं बोलला. यातलं पहिलं एकवेळ पटेल. दुसरं पटायचं नाही. पटलं तर तुम्ही भोळे, एवढंच.

त्याला सगळे लिफ्टमामा म्हणत. अकरा मजल्यांच्या एका कचेरीत तो लिफ्ट चालवायचा. जाळीचा दरवाजा, पितळी दांडा, कोपऱ्यात तीन पायांचं स्टूल. तळापासून अकराव्यापर्यंत जायला त्या लिफ्टला दोन मिनिटं दहा सेकंद लागत, आणि लिफ्टमामाची प्रत्येक थाप अंगाच्या मापाने बेतल्यासारखी दोन मिनिटं दहा सेकंदांचीच असे. चौथ्यावर उतरणाऱ्या कारकुनाला थापेचं डोकं मिळायचं, सातव्यावरच्या टायपिस्टबाईंना धड, आणि शेपूट अकराव्यावरच्या साहेबांना, जे फायलीत नाक खुपसून "हं, हं" करत. कोणाला संशय आलाच तर तो येईतो त्याचा मजला आलेला असायचा. "पण मामा, हे कसं..." म्हणेपर्यंत जाळी खडखडत बंद. थाप पकडायची तर माणसाला थापेपाशी जरा थांबावं लागतं. लिफ्टमध्ये थांबतो कोण?

म्हणून तो छत्तीस वर्षं निर्धोक राहिला. आणि छत्तीस वर्षांत त्याची एकही गोष्ट कोणी पुरती ऐकली नाही, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू त्याने कोणाला दाखवली नाही.

भाची नऊ वर्षांची असताना त्याच्याकडे आली. बहीण गेली, मेहुण्याने दुसरा संसार थाटला, आणि पोर एक पत्र्याची पेटी घेऊन मामाच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत दाखल झाली. जन्मभर लोकांना वर पोचवणारा माणूस स्वतः राहायचा तळमजल्यावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पोर तेरा दिवस बोलली नाही. मामाला स्वयंपाक बेतास बात, वेण्या घालणं तर शून्य. त्याच्याकडे एकच इस्टेट होती. चौदाव्या दिवशी त्याने तिला ठेवणीतली गोष्ट सांगितली.

"एकदा काय झालं, धुकं असं पडलं की आपलाच हात दुसऱ्याचा वाटावा. मी दांडा ओढला. दहावा गेला, अकरावा गेला, लिफ्ट थांबायचं नाव घेईना. बारावा! आता इमारतीला मुळात बारावा मजलाच नाही. जाळी उघडतो तर समोर विमान! पुढच्या काचेतून वैमानिक माझ्याकडे बघतोय. काच खाली केली आणि म्हणाला, मामा, विमानतळ कुठे आला? मी म्हटलं, घाबरू नकोस, डावीकडे वळ, पाण्याची टाकी लागेल, तिथून नाकासमोर. दोनशे माणसं वाचली त्या दिवशी."

पोरीने मान वर केली. तेरा दिवसांचं गंजलेलं कुलूप उघडलं.

"डावीकडे कोणाच्या?"

"म्हणजे?"

"तो तुझ्याकडे तोंड करून होता ना? मग तुझं डावं ते त्याचं उजवं. त्याला टाकी लागलीच नसणार."

लिफ्टमामा गारच पडला. दोन मिनिटं दहा सेकंद झाली होती, पण ही कोणत्याच मजल्यावर उतरणारी नव्हती. समोर बसून, गुडघ्यांवर हनुवटी टेकून, ती उत्तराची वाट बघत होती. तो गडगडाटी हसला, मग डोळे पुसायला म्हणून मोरीत गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. त्या दिवसापासून घरात तिचं नाव पडलं तपासनीस.

सतरा वर्षं गेली. हाताच्या दांड्याची लिफ्ट निघाली, बटणांची आली, मामा निवृत्त झाला. निरोपाला कचेरीने त्याला दालनातलं जुनं भिंतीवरचं घड्याळ दिलं, कारण नवं आणायचं होतं आणि जुनं टाकायला जागा नव्हती. घड्याळ कसलं, लोहाराचा हातोडा. टक म्हटलं की शेजारची मांजर दचकायची. तपासनीस भौतिकशास्त्र शिकत होती, तिने अभ्यासासाठी त्याला एक जाड टॉवेल गुंडाळून टाकला, आणि वेळ बघायची असली की टॉवेलची कड उचलून बघायची. पदवी झाली, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी ऐकायच्या फोनवर ती लागली. दिवसभर लोक सांगायचे, चार दिवस थेंब नाही, आणि मागे बादलीत नळ धो धो ऐकू यायचा. ती शांतपणे म्हणायची, "आधी नळ बंद करा, मग बोलू."

एका सकाळी तिने जाहिरातीचा कागद मामापुढे ठेवला. एअर ट्रॅफिक कंट्रोलर, शिकाऊ. विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांना वाट सांगायची, चढा कधी, उतरा कधी, थांबा कुठे. वयाची अट अशी की सत्तावीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. अर्जाच्या मुदतीनंतर बरोबर एकोणीस दिवसांनी तिला सत्तावीस पूर्ण होत होती. आत्ता नाही तर मग कधीच नाही.

"हे खूळ डोक्यात घातलं कोणी?" मामाने विचारलं.

"तूच. तो वैमानिक अजून टाकी शोधत घिरट्या घालतोय, मामा. कोणीतरी खाली उतरवायला नको?"

अर्ज भरायला ती बसली. मामा मागून डोकावत होता.

"पालकाचा व्यवसाय?"

"लिही, हवाई वाहतूक. उभा विभाग."

"मामा."

"बरं बाई, नुसतं वाहतूक लिही. खोटं आहे का त्यात?"

तिने लिहिलं, लिफ्टचालक, निवृत्त. मामा पुटपुटला की या पोरीला कागद रंगवायचं अंगच नाही. मग सहज विचारल्यासारखं करून त्याने विचारलं, "शिकायला कुठे जावं लागेल?"

"संस्था लांब आहे. वसतिगृह असतं. वर्षभर."

"आणि मग?"

"मग नेमणूक. कुठेही."

'कुठेही' हा शब्द मामाने आयुष्यात हजारदा ऐकला होता. लिफ्टमध्ये नवखा माणूस शिरला की म्हणायचा, कुठेही सोडा, मी शोधीन. त्या शब्दाला एवढी खोली असेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

लेखी परीक्षेत तिने बाजी मारली. पुढे आवाजाची चाचणी आणि मुलाखत, मध्ये पाच आठवडे. सराव सुरू झाला, आणि सरावाला माणूस हवा म्हणून मामाची वैमानिकाच्या जागी नेमणूक झाली, बिनपगारी.

"हे बघ," ती म्हणाली, "मनोऱ्यातून सांगितलेलं वैमानिकाने जसंच्या तसं परत म्हणायचं असतं. त्याला रीडबॅक म्हणतात. आणि तो बरोबर म्हणाला का, हे ऐकायचं काम माझं. सांगायला काय, कोणीही सांगेल. लोक मार खातात ते ऐकण्यात. आपण सांगितलं तेच परत आलं असं आपल्याला वाटतं, आणि आलेलं असतं भलतंच."

मांडामांड अशी केली. बाहेरच्या खोलीत फरशीवर खडूने रेषा मारल्या, एक रेष म्हणजे हजार फूट. मामाची डावी चप्पल म्हणजे विमान दोन-सात-चार, उजवी म्हणजे सहा-एक-आठ. ती आतल्या खोलीत पाठ करून बसणार, म्हणजे तिला फक्त ऐकू येईल. तो जे परत म्हणेल, तशी चप्पल सरकवणार.

"दोन-सात-चार, तीन हजार फुटांवर उतरा."

"दोन-सात-चार, तीन हजारांवर उतरतो, फक्त मागच्या सीटवरच्या आजीबाईंचा चष्मा सांडलाय, तेवढा सापडू दे."

"चूक. परत म्हण."

"दोन-सात-चार, सव्वातीन हजार."

"चूक."

"अगं, सव्वा सुटे नाहीत माझ्याकडे."

"मामा!"

"बरं, बरं. तीन हजार. टाकीपाशी डावीकडे."

"टाकी कुठून आली? परत म्हण."

माणसाचा स्वभाव औषधाने जात नाही. जे ऐकलं ते तसंच्या तसं म्हणणं लिफ्टमामाच्या जिभेला शक्यच नव्हतं, तिखटमीठ लावल्याशिवाय शब्द बाहेरच पडत नसे. एका संध्याकाळी तिने एकसष्ट वेळा चूक म्हटलं. मामा मोजत होता. एकसष्ट! छत्तीस वर्षांची दामदुप्पट परतफेड. त्याचा एकेक शब्द कोणीतरी कान देऊन ऐकत होतं, चिमटीत धरून उजेडाकडे नेऊन बघत होतं. त्या आठवड्यात म्हातारा दोन वेळा जेवायचा तो तीन वेळा जेवू लागला.

पण चपला सरकवता सरकवता त्याच्या ध्यानात आलं की तपासनीस फार छान पकडते आहे. अशीच पकडत राहिली तर तिची निवड होणार, आणि निवड झाली म्हणजे जाणार. मग ही खोली राहील, या रेषा राहतील, आणि टॉवेलातलं घड्याळ.

आता नीट ऐका, कारण इतका पाताळयंत्री डाव आजवर कोणी टाकला नसेल. लिफ्टमामा खरं बोलू लागला.

सोमवारपासून तो दगडासारखा सरळ झाला. तीन हजार म्हटलं की तीन हजार. उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. आजीबाई नाहीत, टाकी नाही, सव्वा नाही. घरात चूक हा शब्दच उठेना. पहिल्या दिवशी तिने वळून विचारलं, "मामा, बरं नाही का तुला?" तो म्हणाला, "वयानुसार शहाणपण येतंय." दुसऱ्या दिवशी ती ऐकता ऐकता नखं कापू लागली. चौथ्या दिवशी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणायची, "बरोबर." पकडायला काही नसलं की कान सैल पडतात. चोरच नसलेल्या गल्लीतला पहारेकरी पेंगणारच.

शनिवारी दुपारी, चाचणीला नऊ दिवस उरले असताना, सहा-एक-आठ दोन हजारांच्या रेषेवर होती.

"दोन-सात-चार, तीन हजार फुटांवर उतरा."

"दोन-सात-चार, दोन हजारांवर उतरतो," मामा म्हणाला. अगदी सपाट आवाजात.

"बरोबर," आतून आवाज आला. वर एक जांभई.

त्याने डावी चप्पल सरकवली. दोन हजारांच्या रेषेवर दोन्ही चपला एकमेकींच्या अंगावर चढल्या. चपलाच त्या, अंगठा तुटलेल्या, टाचेला झिजलेल्या. मामा त्यांच्याकडे बघत उकिडवा बसला. त्याला हवं होतं ते झालं होतं. त्याने फक्त गप्प बसायचं होतं. नऊ दिवस गप्प बसणं काय मोठं? ती नापास होऊन येईल, चार दिवस रडेल, मग पाणीपुरवठा आहेच, संध्याकाळी हाताशी गोष्टी आहेतच, आणि हिला आपण उतरवलं हे कधी कोणाला कळणार नाही. आयुष्यातली सगळ्यात बेमालूम थाप, तीही एका आकड्याची. पकडायला कोणी नाही.

पकडायला कोणी नाही, इथे त्याचा पाय अडकला. पकडणाऱ्या एकुलत्या एक माणसाचे कान त्याने स्वतःच्या हाताने बोथट केले होते. ती उद्या इथेच राहिली, तरी ती तपासनीस नसेल. लिफ्टमधल्या साहेबासारखी हं, हं करणारी कोणीतरी असेल.

"चूक," मामा म्हणाला.

"काय?"

"मी चुकीचं म्हणालो. तू तीन म्हणालीस, मी दोन म्हणालो. मुद्दाम. तू बरोबर म्हणालीस. ये, बघ इथे."

ती बाहेर आली. चपला बघितल्या. खडूच्या रेषा बोटाने मोजल्या.

"आठवडाभर मुद्दाम खरं बोलत होतास," ती शेवटी म्हणाली. प्रश्न नव्हताच तो.

"हो."

"मी इथून जाऊ नये म्हणून."

"हो."

उभ्या जन्मात लागोपाठ दोन खरी उत्तरं. मामाला धाप लागली. तिने खाली बसून एक चप्पल उचलली, तीन हजारांच्या रेषेवर नेऊन ठेवली, आणि म्हणाली, "चहा टाकते. नंतर पुन्हा पहिल्यापासून. आणि तू थापा मार, मामा. जीव तोडून मार."

मग काय विचारता! नऊ दिवस म्हाताऱ्याने अशी काही तोफ डागली की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आता तो हुशारीने मारायचा. वीस वेळा सरळ, एकविसाव्याला वाकडं. कधी आकडा, कधी दिशा, कधी दुसऱ्याच विमानाचा नंबर. तिच्या हातून एक सुटली नाही.

चाचणीला तो बरोबर गेला. लांब मार्गिका, भिंतीला लागून बाक, प्रत्येकाच्या मांडीवर फाइल. ती आत गेल्यावर मामाने शेजारच्या उमेदवाराच्या वडिलांना बाराव्या मजल्याची गोष्ट सांगितली. ते "अरे वा" म्हणाले आणि घड्याळ बघितलं.

ती बाहेर आली तेव्हा कानांवर हेडफोनचे वळ उठले होते.

"चाळीस सूचना होत्या. परीक्षक आतून वैमानिकासारखा परत म्हणत होता. एकोणचाळीस बरोबर, मामा. झोप यावी इतक्या बरोबर. आणि चाळिसाव्याला हळूच पाचशे फूट खाल्ले."

"पकडलेस?"

"पकडले. माझ्या आधीच्या पाच जणांनी नाही पकडले."

"म्हणूनच तर मी तो आठवडा सरळ बोललो. मला ठाऊक होतं परीक्षेत असंच असतं."

"चूक," ती म्हणाली. हसली, आणि त्याचा दंड धरून चालू लागली.

मुलाखतीत तिला विचारलं होतं, या क्षेत्रात यावंसं का वाटलं. तिने सांगितलं, लहानपणी मामाने एक थाप मारली होती आणि त्यातली दिशा चुकली होती. मुलाखत घेणारे तिघंही हसले. मधल्या बाईंनी विचारलं, कुठली दिशा, आणि तिने ती टाकीसकट समजावून दिली. पुढे वैद्यकीय तपासणी झाली, त्यात कान बघणारे डॉक्टर म्हणाले की असे कान त्यांनी वटवाघळाशिवाय कोणाचे पाहिले नाहीत. हे अर्थात मामाने सांगितलेलं, त्याला चाळण लावून घ्या.

यादी लागली. तिचं नाव सातवं होतं. मामाने ते बोट ठेवून तीनदा वाचलं, आणि नाव तिन्ही वेळा तिथेच होतं.

तीच पत्र्याची पेटी कपाटावरून खाली निघाली. जाताना तिने सांगितलं, दर रविवारी अकरा वाजता फोन करीन. बस सुटली. मामाने हात हलवला, आणि बस वळल्यावरही थोडा वेळ हलवत राहिला, कारण बाजूला दोघंतिघं उभे होते आणि एकदम थांबवलेला हात कुठे ठेवायचा हे त्याला समजेना.

पहिले काही दिवस तो न्हाव्याकडे जाऊन बसला. न्हाव्याला त्याने सांगितलं की भाचीने पहिल्याच दिवशी एका दमात सात विमानं उतरवली. न्हावी म्हणाला, "हो का? मान जरा खाली." वाण्याला सांगितलं की संस्थेने आता मामालाही बोलावलंय, वैमानिकांना खोटं कसं बोलू नये हे शिकवायला. वाणी म्हणाला, "छान, छान. आणखी काही?" थापांचा आकार दिवसेंदिवस वाढत गेला. हत्ती घालून बघितला, पण तोही लोकांनी मुकाट्याने गिळला. कोणी म्हणेना, अहो, काहीतरीच काय!

एका दुपारी तो जुन्या कचेरीत जाऊन लिफ्टमध्ये उभा राहिला. स्टूल नव्हतं. भिंतीतून एक बाई गोड आवाजात मजले सांगत होती. एक तरुण शिरला, कानांत इअरफोनची बोंडं. मामा म्हणाला, "ही लिफ्ट पूर्वी बाराव्यापर्यंत जायची." तरुणाने ओळखीचं हसल्यासारखं केलं आणि पाचव्यावर उतरला. पुढचे सहा मजले ती बाई आणि मामा दोघंच होते. अकराव्यावर दार उघडलं, मिटलं. वर चढायला लिफ्टला आता चाळीस सेकंद पुरत होते. चाळीस सेकंदांत थापेची चड्डीसुद्धा शिवून होत नाही.

घरी आल्यावर त्याने घड्याळाचा टॉवेल काढला, घडी घातली, तिच्या कपाटात ठेवला. हातोडा सुरू झाला. निदान कोणीतरी काहीतरी बोलत होतं.

रविवारी अकराला फोन वाजला. मामाने मुद्दाम पाच वेळा वाजू दिला, मोकळा बसलेला माणूस लगेच उचलतो असं वाटायला नको.

"मामा? कसा आहेस?"

"अगं, मरायला फुरसत नाही! खोलीत पाय ठेवायला जागा नाही बघ. न्हावी आलाय, वाणी आलाय, वरच्या मजल्यावरची पोरंटोरं, वीसएक डोकी असतील. रोजचंच झालंय हे. तू गेल्यापासून माझी काही सुटका नाही. आत्ता बाराव्या मजल्यावर आलोय, वैमानिकाने काच खाली केलीय, तेवढ्यात तुझा फोन. सगळे खोळंबलेत. बोल लवकर."

पलीकडून उत्तर आलं नाही. फोन तुटला असं वाटून मामाने तो कानावरून काढून बघितला, पुन्हा लावला. भिंतीवरचा हातोडा पडत होता. एक. दोन. तीन. चार.

"मामा," ती म्हणाली, "टॉवेल काढलास ना?"

"कसला टॉवेल?"

"वीस माणसं बसलेल्या खोलीत घड्याळ ऐकू येत नसतं. चूक. परत म्हण."